अमेरिकेतल्या काउंटी जेलचं फोन-व्हिडिओचं ॲप, बडोद्यात बसून वापरलेलं : दोन स्टार

दोन स्टार देतोय, त्यातला एक फक्त व्हिडिओ कॉलचा. कंपनीचं नाव टाकत नाही कारण टाकून तुम्हाला काही फायदा नाही, जेलने ज्याला ठेका दिला त्याचंच ॲप घ्यावं लागतं, आवडलं नाही म्हणून दुसरीकडे जायची सोयच नाही. पसंत जेल करणार, पैसे आपण भरणार.

ताईचा मुलगा तिकडे पूर्व किनाऱ्याच्या एका काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, सत्तेचाळीस दिवस आत होता. केस काय ते लिहीत नाही, अजून चालू आहे. काउंटी जेल म्हणजे आपल्या भाषेत कच्च्या कैद्यांचं, खटला चालायचाय असे, नाहीतर वर्षाच्या आतबाहेर शिक्षा असलेले. मोठ्या शिक्षेवाले स्टेटच्या प्रिझनमध्ये जातात. हे मला आधी माहीत नव्हतं आणि दोन दिवस मी भलत्याच वेबसाइटवर त्याचं नाव शोधत होतो, ते काउंटीच्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, साइटवर मिळालं, बुकिंग नंबरसकट, म्हणजे आत घेताना कैद्याला देतात तो नंबर. तो नंबर आधी लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच मागतात.

आता ॲप. अकाउंट उघडताना पत्त्यात झिप कोड मागतं, पाच आकडी. आपला ३९०००१ सहा आकडी, टाकला की लाल अक्षरं. एक शून्य काढून टाकलं तर पुढे गेलं पण मग कार्ड चालेना, बँकेत पत्ता वेगळा ना. वर माझ्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंदच होते, आरबीआयच्या २०२० च्या नियमापासून ते आपणच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचे असतात, तेही केलं, तरी नाही. शेवटी ओहायोतल्या पुतणीने तिच्या कार्डावरून तिच्या नावाने अकाउंट काढलं, दहा मिनिटांत झालं. तुमचं कोणी तिकडे असेल तर पहिल्याच दिवशी त्यांना सांगा, लाज धरू नका. आम्ही चार दिवस कुणाला कळू नये म्हणून गप्प बसलो आणि ते चार दिवस पोराचा एक फोन नाही. आपण जेलला फोन लावून त्याला बोलवा म्हणू शकत नाही, फोन तोच करणार आणि तोही आधी पैसे भरलेले असले तरच.

इथे खरी मेख आहे. पैशाचे डबे वेगवेगळे. एक डबा तुमच्या फोन नंबरचा, त्यातून तो फक्त तुम्हाला फोन करू शकतो. दुसरा त्याच्या स्वतःच्या फोन-खात्याचा, त्यातून तो कुणालाही करेल. तिसरा कँटीनचा, साबण, नूडल्सची पाकिटं, कॉफी. स्क्रीनवर तिन्ही बटणं सारखीच निळी. पुतणीने पन्नास डॉलर पहिल्या डब्यात टाकले आणि आम्ही खूश की आता जेवेल नीट, तो तिकडे आठवडाभर बिनकँटीनचा. फिरवून द्या म्हटलं तर होत नाही. कँटीनची ऑर्डर आठवड्यातून एकदाच जाते, वार चुकला की पुढच्या आठवड्यावर. पैसे टाकायची फी प्रत्येक वेळी नव्याने द्यावी लागते म्हणून एकदम टाकावे असं वाटतं, पण शेवटी काय झालं ते खाली वाचा. व्हेज जेवण हवं असेल तर पैशाने नाही मिळत, त्याने आतून लेखी मागायचं, धर्माचं कारण देऊन, त्याला मिळालं पण अकराव्या दिवशी.

फोनला आधी रेकॉर्ड केलेली बाई बोलते की हा कॉल रेकॉर्ड होतोय. ताई म्हणाली मराठीत बोलू की, तिथे कुणाला कळतंय. वकिलाने पुतणीला झापलंच, सगळं साठवलं जातं, दुभाषा लावून सरकारी वकील कोर्टात वापरू शकतो, केसबद्दल एक शब्द नाही, फक्त जेवण, तब्येत, घरचं. वकिलाशी बोलणं मात्र वेगळं, ते गुप्त असतं. आणि पुतणीने एकदा कॉन्फरन्स करून आम्हाला जोडलं तर कॉल धाडकन कट, वर वॉर्निंग, थ्री-वे कॉल चालत नाही. बडोद्यात थेट फोन येणं आमच्या जेलमधून नव्हतंच.

दरांबद्दल तिकडे बरंच भांडण झालंय. मार्था राइट नावाच्या आजीने नातवाच्या जेलच्या फोनबिलावरून लढा दिला, तिच्या नावाचा कायदा २०२३ च्या जानेवारीत झाला, २०२४ मध्ये एफसीसीने, म्हणजे तिकडच्या टेलिफोन-दूरसंचारच्या सरकारी नियामकाने, दर उतरवले आणि २०२५ मध्ये अंमलबजावणी पुढे ढकलली. म्हणजे आजी गेली, कायदा झाला, आणि आम्ही रिचार्ज मारतोय.

व्हिडिओ. ह्याला एक स्टार कारण एकदा लागला की चित्र स्वच्छ. ताईचं आधार कार्ड नाकारलं, पासपोर्टचा फोटो चालला. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. कपड्यांचे नियम असतात म्हणून ताई पहाटे पाचला साडी नेसून, केस विंचरून, दांडिया बाजारच्या घरी डायनिंग टेबलाशी बसलेली, प्रश्नांचा कागद हातात, नंबर घालून. तो आला नारिंगी कपड्यांत, दाढी वाढलेली. ताईने कागद उलटा ठेवला. तो म्हणाला, "मामा, माझी ॲक्टिव्हा चालू करून ठेवता ना? बॅटरी उतरेल." मी म्हटलं हो रे, परवाच फिरवून आणली सूरसागरपर्यंत. खोटं बोललो, गाडी दोन महिने कव्हरखाली. त्याच दिवशी संध्याकाळी किका मारून चालू केली.

पत्राचं सांगतो. बऱ्याच जेलमध्ये आता मूळ पत्र देत नाहीत, स्कॅन करून टॅब्लेटवर दाखवतात. पुस्तक नवं, पेपरबॅक, प्रकाशकाकडून किंवा दुकानातून थेट. ताईने पाकिटात देवाचा अंगारा घातला होता, पुडी बांधून. रावपुरा पोस्टात तिकीट लावायच्या आधी पुडी हाताला लागली म्हणून मी पाकीट उघडलं, नाहीतर अमेरिकन जेलमध्ये राखाडी पावडर, विचार करा. ताई अजून माझ्यावर रुसलेली आहे त्याबद्दल.

ॲप सोडून दोन गोष्टी, ह्या आधी करा, रिचार्ज नंतर. त्याला सांगा की भारतीय कॉन्सुलेटला कळवा असं स्वतः म्हण, १९६३ च्या व्हिएन्ना करारात परक्या नागरिकाचा तो हक्क आहे, पण तो हो म्हणाला तरच कळवतात. आणि त्याला म्हणा, आपल्या बाजूच्या वकिलाला, कोर्टाने दिलेला असला तरी, पहिल्याच भेटीत व्हिसा कुठला ते सांग. गुन्हा कबूल केला तर देशाबाहेर काढतील का हे वकिलाने सांगायलाच हवं असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ठरवलंय. लवकर सुटशील, सही कर, असं कुणी म्हणालं की थांबायचं.

जामिनाला बाँडवाल्याकडे, म्हणजे फी घेऊन जामीन भरणाऱ्याकडे गेलो, ते जामिनाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के घेतात आणि केस सुटली तरी ते परत नसतात, ही रक्कम ऐकून शेजारचे पटेलकाका म्हणाले "व्याजे आपवा करता आ धंधो सारो", व्याजाने देण्यापेक्षा हा धंदा बरा.

तो सुटला. ॲपवर शिल्लक अकरा डॉलर चाळीस सेंट. रिफंडचा फॉर्म भरला, त्यात परत झिप कोड. ईमेल आला की प्रोसेस होतंय. ह्याला सहा आठवडे झाले.