नवख्यांसाठीचा ऑनलाइन बिझनेस कोर्स: हिशेब चोख, नियम घाईत

मी कापडी पिशव्या शिवून विकते. कॉमर्सशी संबंध शून्य. तरी नफ्याचा धडा एका बैठकीत डोक्यात शिरला. १०० ची वस्तू १२५ ला विकली तर मार्कअप (खरेदी किमतीवरचा नफा) २५ टक्के, पण मार्जिन (विक्री किमतीतला नफ्याचा वाटा) २०च. म्हणजे २० टक्के सूट जाहीर केली की नफा सफाचट! बाई हे फळ्यावर आकडे मांडून दाखवतात, स्लाइडांचा मारा नाही. ब्रेक-ईव्हनही (ना नफा, ना तोटा) झकास: स्थिर खर्चाला (भाड्यासारख्या, नग कितीही विकले तरी न बदलणाऱ्या) दर नगामागे त्याचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेने भागा, तेवढे नग विकेपर्यंत कमाईचं नाव नको.

जाहिरातीचे नियम मात्र उरकलेत. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगा, दाव्याचा पुरावा हाताशी ठेवा, ‘फुकट’च्या अटी बारीक अक्षरांत दडवू नका, की झालं. प्रचाराच्या ईमेलचं काय? युरोपीय संघात सहसा आधी संमती लागते. अमेरिकेत २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने ती लागत नाही, पण ‘नको’ म्हणायची सोय द्यावीच लागते. यातलं अक्षरही कोर्समध्ये नाही. आणि यांच्या स्वतःच्या मेलमध्ये अनसबस्क्राइबची लिंक फिकट करड्या रंगात, अगदी तळाशी!

हिशेबासाठी जरूर घ्या. नियमांसाठी आपापल्या देशाच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेची वेबसाइट गाठा.