हतनूरचा सुरय की किनाऱ्यावरचा कुरव?

एम.एस्सी. करणाऱ्या भाचीचा सावद्याहून फोन आला. "मामा, पक्ष्यांवरून पाण्यातलं प्रदूषण मोजायचंय. कोकणात जाऊन समुद्रपक्षी घेऊ की हतनूरलाच थांबू?" हतनूर म्हणजे जळगाव जिल्ह्यातलं तापी नदीवरचं धरण. तिला जे सांगितलं तेच जरा नीट लावून लिहितो.

समुद्रपक्ष्यांच्या बाजूला मोठी पूर्वपुण्याई आहे. मासे खाणारा पक्षी अन्नसाखळीत वर असतो, त्यामुळे पाण्यात मोजताही येणार नाही इतकं रसायन त्याच्या चरबीत साचत जातं. १९७०च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पेलिकनची अंडी उबवतानाच चिरडत होती. डीडीटी या कीटकनाशकापासून बनणाऱ्या डीडीईने त्यांचं कवच पातळ झालं होतं. पण कॅनडाने १९७४पासून ज्या कुरवांची (इंग्रजीत गल) अंडी दरवर्षी तपासली, ते गोड्या पाण्याच्या महासरोवरांवर घरटी करणारे. म्हणजे खारं पाणीच हवं असं काही नाही.

पक्ष्याने तुम्हाला हव्या त्या जागेचं खाल्लेलं असणं मात्र हवंच. थंडीत कोकणच्या किनाऱ्यावर दिसणारे कुरव तिथे घरटी करत नाहीत. सुरय (इंग्रजीत टर्न) वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवर घरटी करतात, पण तिथवर होडी, हवामान आणि परवानगी या तिन्हींचं गणित जुळायला हवं. हतनूरला थंडीत येणारे पाहुणेही इथे घरटी करत नाहीत. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेटच्या पठारासारख्या उंच मुलखात वीण करून येतो. त्याच्या पिसात चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाचं पाणी शोधणं म्हणजे पाहुण्याच्या पिशवीत आपल्या दुकानाची उधारी शोधणं.

नदी सुरय मात्र आपलाच. उन्हाळ्यात तो वाळूच्या बेटांवर अंडी घालतो आणि पिल्लांना जवळपासचेच मासे भरवतो.

आता नमुना कशाचा घ्यायचा? माझ्या मते पक्ष्याआधी हे ठरवायला हवं, आणि त्याच्याही आधी रसायन.

पारा मोजायचा असेल तर पिल्लाचं पीस. वाढत्या पिसाच्या केराटिन या प्रथिनात पारा बांधला जातो आणि पीस पूर्ण वाढलं की तो हिशेब बंद होतो. कागदी पाकिटात घालून कपाटात ठेवलं तरी चालतं. जळगावच्या मे महिन्यात ही केवढी सोय! शिसं असेल तर जपून, कारण ते हवेतूनही पिसावर बसतं. पीस ॲसिटोनने धुतलं तरी सगळं निघेल याची खात्री नाही.

डीडीई किंवा पीसीबी (जुन्या विजेच्या उपकरणांत वापरलेली रसायनं) हवं असेल तर अंडं. मादी आपल्या चरबीतला वाटा बलकात उतरवते. पण त्याला फ्रीझर लागतो आणि तपासणीही महाग. न उबलेली अंडी घेतली तर नुकसान कमी, मात्र मग नमुना सगळ्या घरट्यांचा राहत नाही. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचं तेल टिपून घ्यायचीही पद्धत आहे. ती मला सर्वांत आवडते, पण पक्षी हातात धरायचं रीतसर शिक्षण नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

केळी-कपाशीवरची आजची फवारणी अंड्यात सापडेल, या आशेवर प्रोजेक्ट उभा करू नका. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९मध्ये बंद झालं. आजची बरीचशी औषधं लवकर विघटित होतात, तशी साचत नाहीत. शेतच तपासायचं तर गायबगळा बघा, तो शेतातले किडे खातो. पण मग नदीबद्दल बोलू नका.

पारा सापडला तरी लगेच दीपनगरच्या वीज केंद्रातल्या कोळशाकडे बोट दाखवू नये. पक्षी "किती" ते सांगतो, "कुठून" ते सांगत नाही. त्यासाठी धरणाच्या वरचे आणि खालचे मासे, गाळ असं सगळं शेजारी ठेवावं लागतं. आणि प्रश्न खंभातच्या आखाताचा असेल तर हतनूर उपयोगाचं नाही. मध्ये तापीवरचंच उकाई धरण आहे, पुढे सुरत, आणि धरणात गाळाबरोबर बरंच काही खाली बसतं.

अंडं असो वा पीस, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. नदी सुरय जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' (व्हल्नरेबल) गटात आहे. त्यात दुपारच्या उन्हात माणूस बेटावर गेला की आई-बाप उडतात आणि अंडी तापलेल्या वाळूवर उघडी पडतात. जायचं तर सकाळी, दहा-पंधरा मिनिटांसाठी.

भाची सध्या पारा आणि पीस इथवर आली आहे. सुरयची परवानगी अडली तर गावातल्या झाडांवर पावसाळ्यात घरटी करणाऱ्या वंचकांखाली (छोटे तपकिरी बगळे) गळलेली पिसं घ्यायचं तिच्या मनात आहे. तीही मागायची वनविभागाकडेच. अर्जाचा मसुदा तिने काल पाठवला. त्यात नमुन्यांची संख्याच लिहायची राहिली होती.