पाठीवरचा सेन्सर: लेकीच्या सौम्य स्कोलिओसिससाठी आठ महिने वापरल्यावर

आधी मुद्द्याचं सांगते. हे उपकरण घेण्यासारखं आहे, पण ते बसवून देणारी, स्कोलिओसिसचे, म्हणजे कणा बाजूला वाकण्यावरचे, व्यायाम शिकलेली फिजिओथेरपिस्ट असेल तरच. ऑनलाइन मागवून थेट मुलाच्या पाठीवर लावायची ही वस्तू नव्हे.

माझी मुलगी बारा वर्षांची. नवरात्रीच्या चणियाचोळीचं माप घेताना शिंपीणबाईंना तिचा उजवा खांदा वर दिसला. पुढे वाकायला सांगितलं तर उजव्या बाजूच्या फासळ्याही उचललेल्या. एक्स-रेमध्ये कॉब अँगल, म्हणजे बाकाचा कोन, १७ अंश निघाला. १० अंशांपासून पुढे स्कोलिओसिस म्हणतात आणि साधारण २५ पर्यंत सौम्य धरतात. दहा ते सोळा या वयातल्या शंभरांत दोन-तीन मुलांना असतो, आणि बहुतेकांमध्ये कारण सापडत नाही. दप्तरामुळे, मोबाइलमुळे किंवा एका कुशीवर झोपल्यामुळे हा बाक येत नाही, असं ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. सासूबाई ते ऐकून रडल्या, कारण तोवर "मी तिला नीट बसायला लावलं नाही" हेच त्यांच्या मनात घर करून होतं.

उपचार म्हणजे दर काही महिन्यांनी तपासणी, रोजचे व्यायाम आणि त्यांच्या जोडीला हे यंत्र. दोन छोटे सेन्सर असतात. एक खांद्याच्या पात्यांमध्ये, दुसरा कमरेच्या पट्ट्यावर. मूल ठरवून दिलेल्या स्थितीतून ढळलं आणि काही सेकंद तसंच राहिलं की सेन्सर थरथरतो. कल्पना जुनी आहे. नील मिलर आणि बॅरी ड्वॉर्किन या अमेरिकन संशोधकांनी १९८५ साली अशा पट्ट्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते; त्यात थरथरीऐवजी आवाज व्हायचा.

सगळं अडतं ते "ठरवून दिलेली स्थिती" इथे. बाजारातले बहुतेक पोश्चर सेन्सर एकच गोष्ट ओळखतात, पुढे पोक काढलं की नाही. पण स्कोलिओसिसमध्ये मणका नुसता बाजूला झुकत नाही, पीळ पडल्यासारखा फिरतोही. आणि छातीच्या भागात बाक असलेल्या पुष्कळ मुलांची पाठ मुळातच सपाट असते, तिथला नैसर्गिक गोलावा कमी झालेला असतो. अशा मुलाला "छाती काढ, खांदे मागे घे" म्हणून ताठ बसवलं तर ती पाठ आणखी सपाट होते. माझ्या लेकीची पाठ अशीच आहे. म्हणून फिजिओथेरपिस्टबाईंनी आधी तिला आरशासमोर तिची स्वतःची दुरुस्ती शिकवली: धड किंचित डावीकडे सरकवायचं, डाव्या बाजूच्या दबलेल्या फासळ्यांत श्वास भरायचा, डोकं वर ओढल्यासारखं उंच व्हायचं. ते तिला न बघता जमायला लागल्यावरच त्या स्थितीत सेन्सर सेट केला. कणा स्वतःभोवती किती फिरलाय हे या सेन्सरना कळत नाही, त्यांना फक्त झुकाव कळतो; त्यामुळे पिळाचं काम व्यायामानेच करावं लागतं.

सुरुवातीला यंत्र सारखं थरथरायचं आणि ती चिडायची. मग आम्ही ते फक्त संध्याकाळच्या अभ्यासाला ठेवलं. महिन्याभरात चित्र पालटलं. गणित सोडवता सोडवता ती आपणहून जरा उंच होते, डाव्या कुशीत श्वास घेते आणि पुन्हा वहीत डोकं घालते, हे मी स्वयंपाकघरातून बघते. घरात "नीट बस" हे शब्द आता जवळपास बंद झालेत, आणि माझ्यासाठी यंत्राची अर्धी किंमत तिथेच वसूल झाली. तिसऱ्या महिन्यापासून बाईंनी ते मुद्दाम कमी करत नेलं, एक दिवस लावायचं, दोन दिवस नाही. इशाऱ्याची सवय लागली की शरीर इशाऱ्याचीच वाट बघत बसतं, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं.

त्रासही आहेत. स्कूटरवर खड्डा आला की थरथर. उत्तरायणात गच्चीवर मान वर करून दिवसभर पतंग, तेव्हा तर काढूनच ठेवलं. बडोद्याच्या मे महिन्यात पट्ट्याखाली घामोळं उठतं. आत सुती बनियन घातल्यावर कमी झालं. ॲप मधूनच जुनी नोंद पुसतं, आणि विक्रेत्याकडे तक्रार करून काही हाती लागलं नाही.

सासरे लहानपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. "हिला मल्लखांबाला घाला" हा त्यांचा आग्रह. डॉक्टरांनी खेळायला कसलीच बंदी घातलेली नाही, तेव्हा उन्हाळ्यात तीही सुरुवात केली. तिला मनापासून आवडतंय.

आता आकडा. नुकत्याच काढलेल्या एक्स-रेमध्ये १५ अंश आले. याला मी सुधारणा म्हणणार नाही, कारण हा कोन मोजण्यात पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो. वाढला नाही, एवढंच खरं, आणि उंची भराभर वाढत असलेल्या वयात ते थोडं नाही. यंत्राने बाक सरळ होतो असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. ब्रेसची, म्हणजे धडाभोवती घालायच्या कडक कवचाची, गोष्ट निराळी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्याखाली राहिला, न घातलेल्यांपैकी ४८ टक्के. बायोफीडबॅकच्या, म्हणजे अशा इशारा देणाऱ्या यंत्रांच्या, पाठीशी एवढा मोठा अभ्यास नाही. म्हणून डॉक्टरांनी ब्रेस सांगितला असेल तर त्याऐवजी हे घेऊ नये.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. बाक २५ च्या वर गेला आणि वाढ शिल्लक असली तर ब्रेस लागेल, हे तिला आम्ही आधीच सांगितलंय. तिने एवढंच विचारलं, ब्रेस काढून मल्लखांब करता येईल ना? डॉक्टर हो म्हणालेत.