एपीचे क्रेडिट प्रत्यक्षात किती उपयोगी पडले: विद्यापीठातील पहिल्या सत्रानंतरचा अनुभव

अमेरिकेत हायस्कूलमध्ये असतानाच महाविद्यालयाचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) मिळवून देणाऱ्या अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजेच एपी, अभ्यासक्रमांविषयी इथल्या मराठी पालकांत जेवढे बोलले जाते, त्यातील बहुतेक बोलणे ‘किती एपी घ्यावेत’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. त्या क्रेडिटचे पुढे विद्यापीठात नेमके काय होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. माझ्या मुलीने अकरावी आणि बारावीत मिळून सहा एपी विषय घेतले. २०२५ च्या शरद ऋतूत तिने आमच्या राज्यातील एका सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि आता तिचे पहिले सत्र संपले आहे. तिचे क्रेडिट नोंदवले गेले, त्यांतील काही चालले आणि काही नुसते प्रगतिपत्रकावर राहिले. या सगळ्याचा हा अनुभव असून तो प्रामुख्याने दहावी-अकरावीत मुले असलेल्या पालकांसाठी लिहीत आहे.

ज्यांना ही पद्धत नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एपी ही कॉलेज बोर्ड या ना-नफा संस्थेची योजना आहे. तिची सुरुवात १९५० च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने झालेल्या प्रयोगातून झाली आणि १९५५ पासून ती कॉलेज बोर्डाकडे आहे. शाळेतील शिक्षक वर्षभर विषय शिकवतात, मे महिन्यात देशभर एकच परीक्षा होते आणि जुलैमध्ये १ ते ५ या श्रेणीत गुण कळतात. कॉलेज बोर्डाच्या भाषेत ३ म्हणजे ‘पात्र’. मात्र या पात्रतेला क्रेडिट देणे अथवा न देणे हा निर्णय सर्वस्वी विद्यापीठाचा असतो, आणि माझ्या मते या योजनेचे यश-अपयश याच एका गोष्टीवर ठरते.

आधी अध्यापनाबद्दल, कारण ते निःसंशय चांगले होते. कॅल्क्युलस बीसी हा विषय मुलीने अकरावीत घेतला. त्याच्या परीक्षेत पंचेचाळीस बहुपर्यायी प्रश्न आणि सहा विस्तृत उत्तरांचे प्रश्न असतात, दोन्ही भागांना निम्मे-निम्मे वजन असते आणि दोन्हींत काही प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय सोडवावे लागतात. विस्तृत प्रश्नांत नुसते उत्तर लिहून भागत नाही, ते का बरोबर आहे हे वाक्यांत मांडावे लागते. आपल्याकडे बारावीला गणिताच्या पायऱ्यांना गुण असत, पण ‘या बिंदूपाशी फलनाची किंमत सर्वाधिक का आहे’ हे शब्दांत पटवून देण्याची सवय मला तरी कोणी लावली नव्हती. इंग्लिश लँग्वेज या विषयाचेही तेच. त्यात तीन निबंध असतात, आणि त्यातील एका निबंधात दिलेल्या अनेक स्रोतांचा आधार घेत स्वतःची बाजू मांडावी लागते. महाविद्यालयातील पहिल्या प्रकल्प-अहवालाच्या वेळी याच सरावाचा तिला सर्वाधिक उपयोग झाला, जरी त्या विषयाचे क्रेडिट पदवीच्या हिशोबात कुठेच धरले गेले नाही.

एपी क्लासरूम ही ऑनलाइन सुविधा विनामूल्य असते. तिच्यातील प्रत्येक घटकानंतरच्या चाचण्या आणि छोटे व्हिडिओ उपयुक्त आहेत, आणि बाजारातील महागडे क्लास लावण्याआधी मुलाने तेवढे तरी पूर्ण केले आहे की नाही हे पालकांनी पाहावे. २०२५ च्या मे महिन्यापासून बहुतेक परीक्षा ब्लूबुक या अॅपवर होऊ लागल्या. काही विषयांत सर्व उत्तरे संगणकावरच द्यायची असतात. फिजिक्ससारख्या विषयांत बहुपर्यायी भाग पडद्यावर, तर विस्तृत प्रश्न पडद्यावर वाचून उत्तरे कागदी पुस्तिकेत हाताने लिहायची असतात. मुलीला पडद्यावरचे प्रश्न वाचत कागदावर आकृती काढणे सुरुवातीला अवघड गेले, परंतु सराव चाचण्यांनंतर तक्रार उरली नाही.

खर्चाचा भाग सरळ आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत एका परीक्षेचे शुल्क ९९ डॉलर होते, आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यात सवलत मिळते. नोंदणीची अंतिम मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर असते. त्यानंतर नोंदणी केल्यास, तसेच नोंदवलेली परीक्षा न दिल्यास, ४० डॉलर वेगळे लागतात. या मुदतीमुळे एक अडचण उभी राहते. बारावीतील विद्यार्थ्याला प्रवेशाचे निकाल बहुधा मार्चअखेरपर्यंत कळतात आणि कोणते विद्यापीठ निवडायचे हे १ मेपर्यंत ठरवायचे असते. म्हणजे जे विद्यापीठ क्रेडिट देणार आहे, ते कोणते हे ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी परीक्षेचे पैसे भरावे लागतात. गुण एका विद्यापीठाला विनामूल्य पाठवता येतात, परंतु त्या विद्यापीठाचे नाव २० जूनपर्यंत द्यावे लागते. ती तारीख चुकली की प्रत्येक पत्रकाला १५ डॉलर.

आता मुख्य मुद्दा. वेगवेगळ्या विद्यापीठांच्या धोरणांतील तफावत इतकी मोठी आहे की ‘एपीला क्रेडिट मिळते’ हे वाक्यच अर्धवट आहे. टेक्सास आणि इलिनॉय या राज्यांत सरकारी विद्यापीठांनी ३ गुणांना क्रेडिट द्यावे असा कायदा आहे, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठही ३ किंवा अधिक गुणांना एकके (म्हणजे क्रेडिटच) देते. उलट हार्वर्ड आणि कॅलटेक पदवीसाठी एपीचे क्रेडिट धरत नाहीत, आणि डार्टमथने २०१८ साली पदवीधर होणाऱ्या तुकडीपासून ते देणे बंद केले. एमआयटी कॅल्क्युलस बीसीमधील ५ ला आपल्या पहिल्या कॅल्क्युलसचे क्रेडिट देते, इतर बहुतेक विषयांना काही देत नाही. गंमत अशी की ज्या नामांकित संस्थांत प्रवेश मिळावा म्हणून मुले एपीची रांग लावतात, नेमक्या त्यांतील बऱ्याच संस्था प्रवेशानंतर त्या गुणांकडे पाहतही नाहीत.

आमच्या बाबतीत विद्यापीठाने एकूण २५ क्रेडिट नोंदवले. ते पाहून घरात आनंद झाला, कारण पदवीला १२० लागतात. परंतु पदवीसाठी उपयोगी ठरले ते १५. कॅल्क्युलस बीसीमधील ५ मुळे पहिले दोन्ही कॅल्क्युलस माफ झाले, म्हणजे ८ क्रेडिट. कॉम्प्युटर सायन्स ए या विषयाने प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम भागला, तेथे ४. अमेरिकेच्या इतिहासाचे ६ मिळाले, त्यांतील ३ सामाजिक शास्त्रांच्या सक्तीत बसले. एन्व्हायर्न्मेंटल सायन्समधील ५ ला चार क्रेडिट मिळाले खरे, पण ते ‘मुक्त ऐच्छिक’ या खात्यात पडले आणि इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात त्या खात्याला जवळजवळ जागाच नाही. इंग्लिशचे ३ तसेच राहिले, कारण पहिल्या वर्षाचा लेखनाचा अभ्यासक्रम तेथे कोणालाही माफ होत नाही. फिजिक्स सी मेकॅनिक्समध्ये तिला ४ होते. विद्यापीठाच्या सर्वसाधारण तक्त्यात ४ चालतात असे लिहिलेले होते, पण इंजिनिअरिंग विभागाच्या स्वतःच्या पानावर ५ ची अट होती. त्यामुळे फिजिक्स पुन्हा पहिल्यापासून. विद्यापीठाचा तक्ता आणि विभागाचा तक्ता हे दोन वेगळे कागद असतात, आणि वजन दुसऱ्या कागदाला असते, ही गोष्ट कोणत्याही माहितीसत्रात आम्हाला ऐकायला मिळाली नव्हती.

पैसे वाचतात का, हा प्रश्न मला सर्वात जास्त विचारला जातो. पुष्कळ सरकारी विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याला ठरावीक मर्यादेपर्यंत कितीही क्रेडिट घेतले तरी सत्राचे शुल्क सारखेच असते, आणि पूर्ण आर्थिक साहाय्यासाठी बहुधा सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. अशा ठिकाणी एपीचे १५ क्रेडिट म्हणजे बिलात १५ क्रेडिटची कपात नव्हे. पूर्ण एक सत्र आधी पदवी घेता आली तरच बचत होते. इंजिनिअरिंगमध्ये विषय एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असल्यामुळे ते कठीण आहे. अर्थशास्त्र किंवा इतिहास शिकणाऱ्या मुलांना ते तुलनेने सोपे जाते. वैद्यकीय शिक्षणाचा विचार असलेल्यांनी तर आणखी सावध राहावे, कारण जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या पूर्वअटींसाठी अनेक मेडिकल स्कूल एपीचे क्रेडिट मानत नाहीत.

मग प्रत्यक्ष लाभ कोणता? पहिला लाभ अनपेक्षित होता: तिच्या विद्यापीठात विषयनोंदणीचा क्रम जमा क्रेडिटवर ठरतो, त्यामुळे दुसऱ्या सत्रासाठी तिला वर्गमित्रांच्या आधी नोंदणी करता आली आणि हव्या त्या प्राध्यापकांचा वर्ग मिळाला. दुसरा लाभ म्हणजे वेळापत्रकात मोकळी झालेली जागा, जिच्यात ती आता सांख्यिकीचा मायनर (दुय्यम विषय) बसवत आहे. तोटाही आहे. एपीच्या क्रेडिटला श्रेणी नसते, त्यामुळे ते महाविद्यालयाच्या जीपीएत (श्रेणींच्या सरासरीत) धरले जात नाही, आणि सोपे ठरले असते असे विषय गाळून मूल थेट अवघड वर्गात बसते. तिसऱ्या कॅल्क्युलसमध्ये तिला कॅल्क्युलेटर वापरण्याची परवानगी नव्हती. शिवाय बीसीच्या अभ्यासक्रमात त्रिकोणमितीय आदेशाने संकलन (इंटिग्रेशन) करण्याची पद्धत नसते, ती येत असल्याचे प्राध्यापक गृहीत धरतात. त्यातच अकरावीची परीक्षा आणि हा वर्ग यांच्यामध्ये सव्वा वर्षाचे अंतर पडले होते. “बाबा, सिरीज मला वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त येतात, पण इंटिग्रेशन विसरले,” असे तिने सप्टेंबरमध्येच सांगितले. सत्राअखेर तिला बी प्लस मिळाला.

गुणांच्या बाबतीत एक नोंद आवश्यक वाटते. अमेरिकेच्या इतिहासात २०२३ साली ३ किंवा अधिक गुण मिळवणारे निम्म्याहून थोडे कमी होते, २०२४ मध्ये ते ७० टक्क्यांच्या पुढे गेले. हा फरक मुले अचानक हुशार झाल्यामुळे पडलेला नाही, गुण ठरवण्याची पद्धत कॉलेज बोर्डाने बदलली. अन्य काही विषयांतही असेच झाले आहे. यावर विद्यापीठे आपली किमान अट ४ किंवा ५ वर नेतील असा माझा अंदाज आहे.

ड्युअल एनरोलमेंटशी (हायस्कूलमध्ये असतानाच स्थानिक कम्युनिटी कॉलेजात वर्ग घेण्याशी) तुलना करायची तर कम्युनिटी कॉलेजातील वर्गाचे क्रेडिट एका दिवसाच्या परीक्षेवर अवलंबून नसते आणि राज्यातील सरकारी विद्यापीठांत ते सहसा चालते. मात्र तेथे मिळालेली श्रेणी महाविद्यालयीन प्रगतिपत्रकावर कायम राहते. एपीत वाईट गुण मिळाल्यास ते पत्रकातून वगळण्याची किंवा रद्द करण्याची विनंती कॉलेज बोर्डाकडे करता येते. जाता जाता, एपीच्या भाषांत स्पॅनिशपासून जपानीपर्यंत पर्याय आहेत, मराठी किंवा हिंदी नाही. इथल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी स्टॅम्प ही भाषाप्रावीण्याची वेगळी परीक्षा मराठीत होते, आणि शाळेने मान्य केल्यास तिच्यावर हायस्कूलचे भाषेचे क्रेडिट मिळू शकते.

धाकटा सध्या दहावीत आहे आणि त्याला अर्थशास्त्राकडे जायचे आहे. त्याच्यासाठी आम्ही चार संभाव्य विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांची पाने आधी काढली आणि कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स व दोन्ही अर्थशास्त्रे (मायक्रो आणि मॅक्रो) हे चार विषय ठरवले, कारण चारही ठिकाणी ते पदवीच्या सक्तीत बसतात. एन्व्हायर्न्मेंटल सायन्स त्याला आवडीने शिकायचे आहे, ते तो शिकेल. परीक्षेचे पैसे मात्र त्या विषयासाठी भरणार नाही.