बुधवारची शिडाची शर्यत, एक हंगाम खेळल्यावर: वारा उत्तम, पण त्या रिव्हेटकडे कोण बघणार?

मे महिन्यात भर शर्यतीत क्लबच्या लेझरची, म्हणजे एकट्याने हाकायच्या छोट्या शिडाच्या होडीची, डोलकाठी मोडली आणि बिल माझ्या नावावर निघालं, म्हणून हे आत्ताच लिहितोय. नाहीतर पाऊस लागल्यावर निवांत लिहिणार होतो. क्लबचं नाव देत नाही, कारण बिलाचा वाद अजून मिटलेला नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं पुष्कळ आहे. माझी वेर्ण्याला सकाळची पाळी असते. दोनला सुटलो की स्कूटरने झुआरी पूल ओलांडून किनाऱ्यावर यायचं, होडी जुळवायची आणि साडेचारच्या सुमाराला सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायचं. शर्यतीची फी पणजीत दोघांनी एकदा मासळीची थाळी खाण्याइतकी, आणि होडीचं भाडं त्यातच. दिवाड बेटावर बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे 2010 साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले, तारिणी ही नौका 2017 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन याच गोव्यातून निघाली. त्या गोव्यात पगारदार माणसाला शिडाची होडी हाकायला मिळावी ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. बुधवारच्या शर्यतीत ती मिळते.

सुरुवात नियमाने होते, त्यात हयगय नाही. पाच मिनिटांचं निशाण, चार मिनिटांचं, मग एक, मग सुटका. भोंगा वाजला नाही तरी निशाण प्रमाण, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगतात. उजव्या अंगावर (स्टारबोर्डला) वारा घेतलेल्या होडीला आधी वाट द्यायची. नाही दिलीत आणि तक्रार झाली, तर शिक्षा म्हणून होडीला दोन गिरक्या घ्यायला लावायच्या. चौदा-पंधरा वर्षांची मुलंही तुमच्यावर ‘स्टारबोर्ड!’ म्हणून ओरडतात आणि तुम्हाला वळावंच लागतं. मला हे फार आवडलं.

डिसेंबरमध्ये माझं मत वेगळं होतं. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, खारा वारा, म्हणजे समुद्राकडून येणारा, त्याच्या आधीच मरगळायला लागतो, आणि दुसरी फेरी संपेपर्यंत शीड लोंबायला लागतं. तेव्हा मी या शर्यतीला पाचात तीनच गुण दिले असते. मार्चपासून चित्र पालटलं. सकाळचा मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून येणारा, लवकर आटोपतो, दुपारी पश्चिमेकडून भक्कम वारा लागतो आणि शर्यत संपेपर्यंत टिकतो. त्यामुळे नवीन येणाऱ्याने डिसेंबरच्या अनुभवावर निकाल देऊन निघून जाऊ नये.

येताना तिथी बघून या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे भरती दुपारच्या सुमाराला येऊन जाते, म्हणजे शर्यतीच्या वेळी उधाणाची ओहोटी जोरात असते. पाणी समुद्राकडे, वारा समुद्राकडून. आखूड, उभ्या लाटा उठतात आणि ओहोटी होडीला निशाण पडण्याआधीच रेषेपलीकडे ओढून नेते. अशा बुधवारी रेषेपासून दोन होड्यांच्या लांबीइतकं मागे थांबावं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी, भरती असते, पाणी जवळजवळ स्वस्थ. पहिल्यांदा येणाऱ्याला तोच बुधवार बरा.

आता डोलकाठी. लेझरची डोलकाठी दोन ॲल्युमिनियमच्या नळ्यांची असते, वरची नळी खालचीत बसते. बसते तिथे प्लास्टिकची कॉलर, आणि ती धरायला एक रिव्हेट, म्हणजे धातूची छोटी खीळ. सगळी मेख त्या रिव्हेटच्या भोकात आहे. ताण घेतला की नळी नेमकी तिथे वाकते, खारं पाणी भोकात शिरतं, रिव्हेट एका धातूची आणि नळी दुसऱ्या, त्यामुळे नळी आतून खात जाते. बाहेरून फक्त रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसते. शिवाय 7.06 चौरस मीटरचं शीड लावा की 5.76 चं, खालची नळी बदलते पण वरची तीच राहते. क्लबात सगळ्यात जास्त राबते ती हीच.

होड्या सांभाळणारे मामा मला म्हणाले होते, “भाऊ, पांढरं दिसलं म्हणजे नळी गेली समजा.” क्लबात त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं. माझ्या हाती ती ‘कट्’ करून मोडली तेव्हा शीड पिशवीसारखं तिच्यावर चढवलेलं असल्यामुळे दोन्ही तुकडे आतच राहिले, म्हणून शीड बचावलं. किनाऱ्यावर तुकडे काढून बघितले. मोडलेल्या कडेचा एक भाग ताजा, चकचकीत. पण रिव्हेटच्या दोन्ही बाजूंना कड काळपट, मळकी. ती चीर जुनी होती, डोळ्यांना दिसत होती. मी फोटो काढले.

तरी उत्तर आलं, “ज्याच्या हातात मोडली त्याने भरायचं.” मला हे मान्य नाही. भाडं घेता ते होडी वापरण्याचं, तर जोड धड आहे की नाही हे बघणं भाडं घेणाऱ्याचं काम. पैसे थोडे असते तरी मी भांडलो असतो. नवी नळी मागवली तिथून ती कॉलरशिवाय आली, त्यात आणखी दोन बुधवार वाया गेले.

हे अर्धं लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात समितीचा निरोप आला. फोटो बघून निम्मं बिल क्लबने उचललंय. उरलेल्या निम्म्याचं पत्र मी दिलंय, बघू. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेडमध्ये आता वही ठेवलीय: दर बुधवारी शर्यतीनंतर वरची नळी गोड्या पाण्याने धुवायची, कॉलर तपासायची, सही करायची. सही मामांची. एका होडीला फायबरची वरची नळीही घेतलीय. ॲल्युमिनियमसारखी ती वाकून राहत नाही, पण महाग आहे, म्हणून सगळ्या होड्यांना लगेच मिळेल असं वाटत नाही. या बदलानंतर मी पाचात चार देतो. पाचवा गुण निम्म्या बिलापाशी अडलाय.

पावसाळ्यात शर्यत बंद. पुढच्या हंगामात पैसे भरण्याआधी तुम्ही एवढं करा: वही मागून बघा, आणि होडी घेताना वरची नळी उन्हात धरून रिव्हेटभोवती नख फिरवा. नख अडलं किंवा पांढरं हाताला लागलं, तर ती होडी घेऊ नका, दुसरी मागा. मामा देतात.