जेरुसलेमहून ‘बायबलमधलं नाणं’ आणणार असाल तर

वसईहून पवित्र भूमीच्या यात्रेला जाणारे बरेच आहेत, म्हणून लिहितोय. जेरुसलेमच्या जुन्या शहरात एका दुकानदाराने आमच्या ग्रुपमधल्या काहींच्या, माझ्यासकट, गळ्यात एकेक चांदीचा ‘रोमन दिनार’ मारला. तीनशे डॉलरला. कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा की नाही, या प्रश्नावर येशूने मागून घेतलेलं नाणं ते हेच, म्हणे.

गडी सगळंच खोटं बोलत नाही, तीच त्याची खुबी. एका बाजूला तिबिर्य कैसराचा चेहरा. त्याची राजवट इ.स. 14 ते 37, म्हणजे येशूचाच काळ. कराचं नाणं ते हेच, असं पुष्कळ अभ्यासकही मानतात. दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी. इथे हा म्हणाला, “मदर मेरी!” भोवती ‘पोंतिफ माक्सिम’ ही अक्षरं. “पोपची पदवी, वाचा!” ग्रुपमधल्या एका आजींनी नाणं कपाळाला लावलं.

ती पदवी पोपकडे आली कित्येक शतकांनी. नाण्यावर ती रोमच्या मुख्य पुरोहिताची, म्हणजे खुद्द सम्राटाची. बसलेली बाई बहुधा शांतिदेवता पाक्स. तिच्यात कैसराची आई लिविया पाहणारेही आहेत. चेहऱ्याभोवती तर तिबिर्य स्वतःला ‘देव झालेल्या ऑगस्टसचा पुत्र’ म्हणवतो. त्या नाण्यावर मरियामाता कुठून येणार?

अर्थात गोष्ट खोटी असली तरी नाणं खरं असू शकतं. पण आमचं तेही खोटं, हे बसमध्ये कळलं. दोन नाणी शेजारी धरली, तर दोन्हींवर हनुवटीखाली तोच ओरखडा, कडेला तीच चीर, चित्रही तेवढंच डावीकडे सरकलेलं. अस्सल दिनार हातोड्याने एकेक ठोकून पाडलेले. ठसा एकच असला तरी चिरा आणि ओरखडे असे जुळत नाहीत. आमची नाणी साच्यात ओतलेली. भिंगाखाली बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसले, कडेवर जोडाची रेघही. सोनाराच्या काट्यावर वजन पाच ग्रॅमच्या वर भरलं. तिबिर्याचा दिनार पावणेचारच्या आसपास असतो.

सोबतचं सर्टिफिकेट दुकानानेच छापलेलं. इस्रायलमध्ये पुराणवस्तू विकायला सरकारी परवाना लागतो आणि देशाबाहेर न्यायला लेखी परवानगी. या दुकानदाराचं उत्तर होतं, “गरज नाही, खिशात ठेवा.” पाकीट काढण्याआधी दोन्ही कागद मागा. टाळाटाळ झाली तर चहा पिऊन उठा. चहा मात्र ते अगत्याने पाजतात.