अठरानंतर डॉक्टर बदलताना: एकदम की हळूहळू?

टाइप १ मधुमेह असलेलं लेकरू अठराचं झालं की प्रश्न येतोच: बालरोगतज्ज्ञ सोडून थेट मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, की वर्षभर दोघांनाही दाखवायचं?

थेट बदल सुटसुटीत आहे. एकच फी, आणि कॉलेज भुसावळला असेल तर डॉक्टरही तिथलाच. पण मोठ्यांच्या ओपीडीत बहुतेक पेशंट टाइप २ चे, म्हणजे सहसा मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहाचे. डॉक्टर मुलालाच विचारतात, "रात्री किती युनिट इन्सुलिन घेतोस?" आणि तो आईकडे बघतो. अशी मुलं पुढच्या तपासण्या चुकवू लागतात, याची मला फार काळजी वाटते.

हळूहळू बदलायचं तर खेपा आणि खर्च वाढतो. तरीही मी हेच सुचवेन. सोळाव्या वर्षापासून अर्धी भेट त्याने एकट्याने बोलावं. दर तीन महिन्यांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) स्वतः वहीत लिहावं. रक्तातली साखर ७० (मि.ग्रॅ./डे.लि.) च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हे रूममेटलाही शिकवावं. जळगावच्या मे महिन्यात होस्टेलवर फ्रिज नसेल तर वापरातलं इन्सुलिन डबीत घालून ओल्या मडक्यात, सावलीत ठेवावं.

आधीच्या डॉक्टरांकडून डोस, जुने रिपोर्ट आणि डोळे-लघवीच्या तपासण्यांची नोंद असलेलं पत्र मात्र एकदम बदला की हळूहळू, हवंच.